हिराजीदादांची पाती

आमच्या शेडमध्ये रंधा मशीन सुरू असेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे न्यायचा, जेवायला निघायचं असेल तर पोटावर हात ठेवायचा, आणि शेठ आले असतील तर डोळे मोठे करायचे. मी डिस्पॅचला. माझी काचेची केबिन मशीनच्या इतकी जवळ, की चहा आला की त्यावर आधी भुसा तरंगायचा. काच कसली, नुसती नावाला! टेमघरला घरी गेले तरी डोक्यात ते मशीन सुरूच. आई म्हणायची, "ओरडतेस कशाला गं, मी काय बहिरी आहे?"

आणि त्या सगळ्या कल्लोळात मशीनला चिकटून हिराजीदादा उभे असायचे.

आम्ही गोदामांसाठी लाकडी पॅलेट आणि खोकी बनवायचो. लाकूड म्हणजे बाहेरून आलेल्या पेट्या फोडून काढलेल्या पाइनच्या फळ्या, त्यात मोडके खिळे. रंधा मशीनमधून गेल्या की सगळ्या फळ्या एका जाडीच्या आणि गुळगुळीत होऊन बाहेर पडायच्या. मशीनच्या पोटात एक ड्रम, आणि ड्रममध्ये आडवी बसवलेली तीन लांब पाती. ती बोथट झाली की फळी मांजराने ओरबाडल्यासारखी निघायची. मग पाती काढायची, धार लावायची आणि परत बसवायची. हे काम फक्त हिराजीदादांचं. दुसऱ्या कुणी त्या बोल्टला नुसता पाना लावला, तरी दादांचं तोंड असं व्हायचं की कुणीतरी त्यांच्या ताटातलं उचललंय.

अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखे. भुवया भुशाने पांढऱ्या, मिशी मात्र काळीभोर. दर रविवारी रंगवायचे आणि वर म्हणायचे, "आमच्या घराण्यात कुनाचे केस पिकतच न्हाय." डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. पात्याची धार त्या नखावर टेकवायची. घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. त्या नखावर इतक्या रेघा होत्या की मी एकदा म्हटलं, "दादा, नख कापा आता, बघवत नाही." तर म्हणाले, "तू तुझा कंप्युटर कापतेस काय, बाय?" मला ते कायम 'बाय'च म्हणायचे, पूर्णा गावातल्या त्यांच्या घरच्या बोलीत. शेठला मात्र शेठ.

पाती बदलायची वेळ झाली हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. मशीनच्या आवाजात आम्हाला काही म्हणता काही फरक वाटायचा नाही, आणि दादा हात वर करायचे. "रडायला लागली," म्हणायचे. मशीन बंद. मग ते मेन बोर्डातला फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचे, म्हणजे ते आत हात घालून बसलेले असताना कुणी चुकून बटण दाबलं तरी मशीन सुरू व्हायला नको. मग बोल्ट सैल करून पाती बाहेर, धार लावायच्या दगडी पथरीवर रॉकेलचे दोन थेंब, आणि त्या पथरीवर पातं असं सावकाश फिरायचं की अख्खी शेड आपोआप हळू बोलायला लागायची.

बसवायची वेळ आली की मात्र दादा आमच्याकडे पाठ करायचे. अगदी साडी बदलणाऱ्या बाईसारखे! तिन्ही पाती ड्रममधून अगदी सारखी वर आली पाहिजेत, केसभर इकडेतिकडे झालं की मशीन थरथरतं. ते बघायला दादा सागाची एक सरळ काडी टेबलावरून ड्रमवर धरायचे आणि ड्रम हाताने फिरवायचे. पात्याची धार काडीला नुसती शिवली पाहिजे, टिक्. सगळे कारागीर हे कान देऊन ऐकतात. दादा काडीचं दुसरं टोक दातात धरायचे.

"दातात कशाला हो?" मी विचारलं होतं.

"सवय."

मुश्ताकभाई त्यांचा मदतनीस. आधी लूमवर होता, तो कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आला. फळ्या उचलून द्यायचा, भुसा ओढायचा. "दादा, हमको भी सिखाओ ना," असं त्याचं रोजचं. "सिखाएगा, सिखाएगा, जल्दी क्या हाय?" असं दादांचं रोजचं. शिकवलं कधी नाही. मुश्ताक खांद्यावरून डोकवायला लागला की दादा त्याला चहा सांगायला पाठवायचे.

बढाईखोर तर इतके, की विचारू नका. एकदा लाकडात खोल रुतलेला, हाताला न लागणारा एक खिळा आत गेला आणि तिन्ही पात्यांच्या धारेला एकाच जागी दाता पडला. मग प्रत्येक फळीवर एक उठलेली रेघ यायला लागली. नवी पाती यायला वेळ होता आणि माल तर त्याच दिवशी न्यायचा होता. शेठ डोक्याला हात लावून बसले. दादांनी काय केलं, एक पातं जागच्या जागी जरासं डावीकडे सरकवलं, एक उजवीकडे. आता एकाने सोडलेली रेघ दुसरं पातं कापून काढायचं. फळी स्वच्छ! रंधा चालवणाऱ्या बऱ्याच जणांना ही युक्ती ठाऊक असते, हे मला नंतर कळलं. पण दादांनी ती पुढचं वर्षभर अशी सांगितली की जशी काय त्यांनीच जगात पहिल्यांदा शोधलीय. ट्रक ड्रायव्हरांना सांगितली, वीजबिलवाल्याला सांगितली, मला तर जेवताना डबा बाजूला सारून दाखवली.

पण दिवसाच्या शेवटी ते फार रेंगाळायचे. सगळे हातपाय धुऊन पळायचे आणि दादा टेबल पुसत बसायचे. एकदा त्यांना ताप होता म्हणून मी रिक्षाने पूर्ण्याला सोडायला गेले, तेव्हा कारण कळलं. घराच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, आणि चौथ्या बाजूला कंटेनर उभे. भावांनी जमिनी भाड्याने दिल्या, बंगले बांधले आणि लांब राहायला गेले. दादांच्या वाट्याला तेवढं घर. दारात उभं राहिलं की समोर फक्त कंटेनरचं लोखंड. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मला तिथे दहा मिनिटांत गुदमरल्यासारखं झालं. म्हटलं, "दादा, इथे राहता कसे?" तर म्हणाले, "राहतो कुटं? झोपतो."

मुलगी सुनंदा पडघ्याला दिलेली. घरामागे मोकळी जागा, भाजीचे वाफे. ती दर फोनला म्हणायची, बाबा, इकडे या, कायमचे या. दादांचं उत्तर ठरलेलं, "येतो गं. एवडी पाती लावतो नि येतो." पाती लावून झाली की काही दिवसांत परत बोथट व्हायचीच. हे काय संपणारं काम आहे?

सुनंदाला मुलगी झाली त्या वर्षीचा दसरा मला आठवतो. खंडेनवमीला आमचं मशीन बंद असे. दादा पाती काढून धार लावायचे आणि हळद-कुंकू वाहून, झेंडू घालून पाटावर मांडायचे. दसऱ्यानंतर परत बसवायची. त्या वर्षी ते पहिल्यांदाच नातीसाठी पडघ्याला गेले. नेमका कुठल्या तरी गोदामवाल्याने तगादा लावला आणि शेठनी मुश्ताकला दसऱ्याच्या दिवशी पाती बसवायला लावली. बिचाऱ्याने हळद नीट पुसून बसवली, पण धारेची उतरती बाजू उलटी झाली. पहिल्याच फळीला असा काही चीत्कार आणि धूर, की मी केबिनमधून बाहेर पळाले. शेठनी फोन लावला. "दादा, तुमच्याशिवाय या मशीनला कोण विचारतं?"

दुपारी दादा हजर. नवा शर्ट, खिशात आपट्याची पानं. मला वाटलं चिडलेले असतील. कसले चिडतात! गुणगुणत होते. मुश्ताकला म्हणाले, "क्या रे, उलटा पैजामा पहनता है क्या?" आणि पाठ करून कामाला लागले. तेवढ्यात माझ्या फोनवर सुनंदा. "ताई, बाबा भरल्या ताटावरून उठले हो. पोरीला अजून मांडीवर पण घेतली नव्हती." मला शेठचा राग आला, दादांचा त्याहून जास्त आला.

पुढे ती पोर, आर्वी तिचं नाव, बोबडं बोलायला लागली. सुनंदा संध्याकाळी फोन लावून तिच्या तोंडाशी धरायची. दादा फोन कानाला लावून ऐकायचे, मग मला द्यायचे. "बाय, बग तर, खराब झाला का हा? नुसती खरखर येते." मी कानाला लावला तर पोरगी लख्ख बोलत होती. आजा, आजा, आजा. फोन चांगला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मशीनजवळ राहून झालंय. गेलं ते येणार नाही, पण आता मशीन सोडलंत तर उरलंय ते टिकेल. लहान मुलांचा बारीक आवाज आधी जातो, हेही सांगितलं. परत येताना रिक्षात त्या दातातल्या काडीचं कारण माझ्या लक्षात आलं. टिक् असा आवाज कानाला येत नव्हता म्हणून ते तो दातांनी घेत होते. कधीपासून, देव जाणे.

मी कानात घालायचे बोळे आणून दिले. अर्ध्या तासात काढले. म्हटलं, "दादा, अक्कल आहे का?" तर माझ्यावरच उखडले. "मशीन काय बोलते ते आयकलं न्हाय, तर पाती गेली ते कसं कळंल? तू सांगशील मना?" कपाळ माझं!

शेवटी सुनंदा स्वतःच आली, पोरीला कडेवर घेऊन. शेडमध्ये शिरली आणि दादांच्या मागे उभी राहून ओरडली, "बाबा!" दादा फळी सारत होते. पुन्हा ओरडली. काही नाही. मग ती सरळ पुढे गेली आणि तिने लाल बटणावर हात मारला. मशीन घरघरत थांबलं आणि दादा वळले.

"मी दोनदा हाक मारली," सुनंदा म्हणाली. "मी, बाबा. ही बारकी तर दिवसभर आजा आजा करते. हिचं बोलनं कवा आयकनार तुमी? हितंच मरायचंय का तुमाला?"

शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनाही लाज वाटली. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की नव्या पद्धतीचा ड्रम बसवतो. त्यात तयार पाती येतात, दोन्ही बाजूंना धार असलेली. एक बाजू बोथट झाली की पालटायची, दुसरीही झाली की फेकून द्यायची. खाचेत ठेवलं की आपोआप बरोबर बसतं, कुणीही बसवावं. म्हणजे दादा सुटले! सुनंदाने शेठना हात जोडले. मी आनंदाने सगळ्यांना वडापाव मागवले. दादा एवढंच म्हणाले, "फेकायची? पाती फेकायची?"

ड्रम आला. बसवायला आलेल्या माणसाने मुश्ताकला एकदा दाखवलं आणि मुश्ताकने चहा होईपर्यंत पाती बसवूनही टाकली. काडी नाही, पथरी नाही. फळ्या काचेसारख्या निघायला लागल्या. दादा मशीनवर होतेच. फळी आत सारण्याआधी ते दोन्ही बाजूंनी तळहात फिरवायचे, खिळा लागतोय का बघायला. हे त्यांनी कधीच चुकवलं नव्हतं. दुपारी मी केबिनमधून बघत होते. त्यांनी निळ्या रंगाची एक फळी उचलली, जरा हातात धरली, आणि हात न फिरवता आत सारली.

खाट्!

फळीतल्या खिळ्याने नव्या कोऱ्या पात्यांना एका ओळीत दाते पडले. "बगा शेठ," दादा म्हणाले, "मी बोल्लो व्हतो. आपल्या लाकडाला ही नाजूक पाती चालायची न्हाय." शेठनी ड्रम परत पाठवला. जुना बसला. दादांनी फ्यूज खिशात टाकला, पाठ केली आणि काडी दातात धरली.

मी चहा घेऊन त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "दादा, चहा घ्या." त्यांनी घेतला. मग विचारलं, "त्या निळ्या फळीवर हात का नाही फिरवलात?"

"आयकू न्हाय आलं, बाय."

"हात का नाही फिरवलात?" मी ओरडले.

"न्हाय येत गं आयकू," म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले.

मी संतापले. बोलणंच सोडलं त्यांच्याशी. दार उघडून दिलं होतं हो त्यांना, आणि या माणसाने आतून कडी लावली! पण त्यांच्यासारख्याला गप्प राहवतंय थोडंच. एक दिवस डबा घेऊन तेच माझ्या केबिनच्या पायरीवर येऊन बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं जाऊन मी काय करू? पोरीच्या दारात बसू? जावई कामाला जाईल, पोरगी कामाला, आन् मी भाकर खाऊन बसू? हितं मना बोलावतात, बाय. काय झालं की बोलावतात." मी त्यांच्या डब्यात माझी भाजी वाढली. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी मशीन रडायला लागलं. आता एवढ्या वर्षांनी आम्हालाही ते रडणं कळत होतं. मुश्ताकने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. वाटलं, आता दादा हात वर करतील. दादा शांतपणे फळी सारत होते. आवाज वाढत गेला, खिळे ठोकणारी पोरंसुद्धा हातोडे खाली ठेवून बघायला लागली. फळ्या ओरबाडून निघत होत्या आणि दादा एकामागून एक सारतच होते. शेवटी मुश्ताकने लाल बटण दाबलं.

दादा चिडून वळले. मग सगळ्यांची तोंडं बघितली. बाहेर पडलेल्या फळीवर तळहात फिरवला. ती बाजूला ठेवून तिच्याखालची घेतली, तिच्यावर फिरवला. दादांनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि फळ्यांच्या थप्पीवर बसून राहिले. मला वाटलं, उठून आता बोल्ट खोलतील. ते म्हणाले, "मुश्ताक, इधर आ. पाना ले."

त्या दिवशी त्यांनी पाठ केली नाही. मुश्ताकच्या हातावर हात ठेवून पथरी धरायला शिकवली, बोल्ट मधून सुरू करून दोन्हीकडे आवळत न्यायला शिकवलं. सारखे ओरडत होते, "घोड्या, हळू! दाढी करतोस का?" पुढे मुश्ताकच्या हाताने पाती लागू लागली आणि दादा नुसते बाजूला उभे राहायला लागले. मग एका सकाळी ते आलेच नाहीत. संध्याकाळी सुनंदाचा फोन आला की बाबा पिशवी घेऊन आलेत.

शेडमध्ये तेवढाच आवाज होता, तरी मला ओकंबोकं वाटायचं.

काही महिने बरे गेले. मग मशीन थरथरायला लागलं. मुश्ताक पाती काढायचा, बसवायचा, काही केल्या एक बाजू वर राहायची. तो अगदी रडकुंडीला आला. "ताई, एक दिन के लिए बुला लो दादा को." शेठ म्हणाले, "तू जा. तुझं ऐकतात ते." मी निघाले ती दादांना आणायलाच.

हायवेला उतरून आत चालत गेले. सुनंदाने अंगणातच हात धरला. "न्यायला आलात?" मग तीच म्हणाली, "माझा फोन वाजला ना, की आधी माझ्या तोंडाकडं बगतात. शेठचा हाय का म्हणून." मागे वाफ्यांपाशी दादा बाजेवर बसले होते. मिशी रंगवलेली नव्हती, पांढरी झाली होती. मला बघून ताडकन उठले.

"मशीन?"

त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. आणि त्यांच्या धोतराला धरून ती पोरगी उभी होती, एवढीशी, दोन शेंड्या बांधलेली.

"चालतंय की मस्त," मी मोठ्याने म्हटलं. "मुश्ताक छान लावतो पाती. मी सहज आले, पडघ्याला काम होतं."

"थरथरत न्हाय?"

"अजिबात नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बाजेवर बसले. त्यांना बरं झालेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. खांदेच उतरले. मला तोंड फिरवून वाफ्यातली मिरची बघत बसावं लागलं. एक शब्द खरा सांगितला असता तर तो माणूस त्या मिनिटाला चप्पल घालून माझ्यापुढे चालायला लागला असता. नाही सांगितला.

तेवढ्यात आर्वी बाजेवर चढली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग दोन्ही हातांचा आडोसा करून आजाच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी कुजबुजली. मधेच स्वतःच हसली. दादाही हसले. मान डोलावली, डोळे मोठे केले, "आस्सं?" म्हणाले. पोरगी खूश होऊन ओठांवर बोट ठेवून, कुणाला सांगायचं नाही अशी खूण करून, पळत घरात गेली.

ती आत जाईपर्यंत दादा तिच्याकडे हसत बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"काय बोल्ली गं ती?"

मला कसं माहीत असणार? ती त्यांच्या कानात बोलली होती.